धर्मांची तुलना : एक घरगुती विचार

गेल्या दिवाळींत आमच्या मेहरूणच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या नातवाचा वर्गमित्र, एका मुसलमान गृहस्थाचा मुलगा, फराळास आला होता. त्यानें करंज्या खाल्ल्या, चिवडा दोनदां मागून घेतला, वडील मंडळींची अदबीनें विचारपूस केली. परंतु घरचीं मुलें देवघरापुढें नमस्कारास वांकलीं तेव्हां तो उंबऱ्याशीं स्वस्थ उभा राहिला. तो गेल्यावर आमचे धाकटे बंधु म्हणाले, “फराळ चालतो, मग हात जोडायला काय झालें ?” नातवाचें तोंड उतरलें. रात्रीं तो आमच्या खोलींत येऊन म्हणाला, “आजोबा, शाळेंतल्या भाषणांत मीं सांगितलें होतें कीं सगळे धर्म एकच सांगतात. तसें असेल तर त्यानें नमस्कार कां केला नाहीं ? आणि तसें नसेल, तर मी खोटें बोललों का ?”

प्रश्न मुलाचा असला तरी त्याचें उत्तर देणें आम्हांस सोपें गेलें नाहीं. कारण ह्याच विषयांत एक जुनें ऋण आमच्या माथ्यावर आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नुकतेच शिक्षक झालों असतां, एका खेड्यांतील शाळेंत आम्ही संस्कृत शिकवीत होतों. एके दिवशीं भूतदयेवरील सुभाषित समजावून देतांना ओघांत बोलून गेलों कीं, अशी दया इतर धर्मांत आढळावयाची नाहीं. इतर धर्मांचा एकहि ग्रंथ तोंवर आम्हीं उघडलेला नव्हता ! तिसऱ्या बांकावर एक मुसलमान विद्यार्थी बसत असे. त्याच्याइतकीं शुद्ध शब्दरूपें वर्गांत कोणाचींच नसत. त्यानें हळूच पुस्तक मिटलें. पुढील वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. कारण त्यानें सांगितलें नाहीं व आम्हींहि विचारलें नाहीं. कुराणाच्या ११४ सूरांपैकीं ११३ सूरांचा आरंभ परमेश्वरास दयावंत म्हणूनच होतो, हें आम्हांस कळलें तें फार उशिरां.

आमच्या मतें धर्मांची तुलना दोन प्रकारांनीं बिघडते. पहिला प्रकार आमच्या हातून झाला तो : आपल्या धर्मांतील उत्तमोत्तम वचन एका पारड्यांत घालावें आणि दुसऱ्या धर्माविषयींचें आपलें अज्ञान, किंवा त्याच्या एखाद्या अनुयायाचें हीन आचरण, दुसऱ्या पारड्यांत. दुसरा प्रकार सांप्रत अधिक रूढ आहे : सगळे धर्म एकच, असें म्हणून एकहि ग्रंथ न उघडतां मोकळें व्हावें. पहिल्यांत अहंकार आहे, दुसऱ्यांत आळस आहे. आणि आळसानें बांधलेलें ऐक्य पहिल्या नमस्काराच्या वेळींच ढासळतें.

तुलनेचा खरा मार्ग शोधावयास आम्हां खानदेशच्या लोकांस दूर जावें लागत नाहीं. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबा भावे राजबंदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून ह्या अवधींत अठरा रविवारीं त्यांनीं गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनें केलीं. श्रोते म्हणजे बरोबरचे कैदी. आणि तीं प्रवचनें लिहून घेणारे होते साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांतील हे एके काळचे शिक्षक. त्याच गांवच्या तत्त्वज्ञान मंदिरांत त्यांनीं अध्ययन केलें होतें. ‘गीता-प्रवचनें’ हें पुस्तक बहुतेक वाचकांच्या घरीं असेलच. परंतु ज्यांनीं स्वधर्माच्या ग्रंथांत एवढें खोल स्नान केलें, त्याच विनोबांनीं पुढें अरबी शिकून कुराण मुळांतून अभ्यासिलें व त्यांतील वचनें विषयवार निवडून ‘कुराण-सार’ सिद्ध केलें. त्यांनीं ख्रिस्ती शुभवर्तमानांचेंहि सार काढलें, आणि धम्मपदाच्या गाथा नव्या क्रमानें लाविल्या. जैनांच्या सर्व पंथांस मान्य होईल असा एक ग्रंथ व्हावा हा त्यांचा आग्रह होता. त्यास अनुसरून जिनेंद्र वर्णी यांनीं संकलन केलें, आणि १९७४ सालीं दिल्लींतील संगीतींत ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ मान्य झाला. इकडे साने गुरुजींनींहि ‘इस्लामी संस्कृति’ लिहिली.

ह्या उद्योगांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. विनोबांनीं धर्मांस एकमेकांपुढें उभें करून गुण दिले नाहींत. प्रत्येक धर्माचें सार त्या धर्माच्याच शब्दांनीं मांडलें. ज्याचा ग्रंथ, त्याच्या दृष्टीनें तो आधीं समजून घ्यावा, तुलना मागाहून आपोआप होते, असा ह्याचा अर्थ आम्ही घेतों.

आतां भेदांविषयीं बोलूं. कारण भेद लपविल्यानें मैत्री वाढत नाहीं. ‘कर्म’ हा एकच शब्द घ्या. वैदिक, जैन व बौद्ध तिघेहि कर्म मानतात. परंतु जैनमतीं कर्म म्हणजे जीवास चिकटणारें अतिसूक्ष्म पुद्गल-द्रव्य होय, तर बुद्धांच्या उपदेशांत कर्माचें मूळ चेतनेंत म्हणजे हेतूंत आहे. बुद्धांनीं नित्य आत्मा नाकारिला. जैनांनीं अनंत जीव स्वतंत्र मानिले. अद्वैत वेदान्त सर्व भूतीं एकच आत्मा पाहतो. जैन व बौद्ध मतांत जगाचा कर्ता ईश्वर नाहीं. तेव्हां “देव एकच” हें आपलें आवडतें वाक्य त्यांस लागूच पडत नाहीं. ख्रिस्ती व इस्लामी मतें मनुष्यास जन्म एकच, व पुढें न्यायाचा दिवस. अवताराचेंहि तसेंच : गीतेप्रमाणें ईश्वर युगायुगांत देह धरितो, ख्रिस्ती मतें त्यानें एकदांच धरिला, इस्लामांत तो देह धरीतच नाहीं.

नमस्काराचें कोडें येथेंच सुटतें. आम्ही आईबापांस वांकतों, पुस्तकास पाय लागला तर त्यास वंदन करितों, दसऱ्यास अवजारांची पूजा करितों. आमच्या घरीं नमस्कार हा आदराचा सर्वसाधारण विधि आहे. इस्लामांत लवून भूमीस मस्तक टेकणें ही साक्षात् उपासनाच असून ती एका परमेश्वरावांचून कोणासहि करावयाची नाहीं. म्हणजे तो मुलगा उंबऱ्याशीं उभा राहिला त्यांत अवज्ञा नव्हती. त्याच्या घरच्या शिकवणुकीचें पालन होतें. आपला मुलगा परघरीं असाच आपल्या नेमास जागला तर आपण त्याची पाठ थोपटूं.

साम्यहि बारकाईनें पाहिलें तरच त्याची गोडी कळते. उपवास सर्वत्र आहे. आपली एकादशी, जैनांचें पर्युषण, ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा व्रतकाल, आणि मुसलमानांचा रोजा. रोजांत पहांटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबहि वर्ज्य असतो. ईद दरवर्षीं सुमारें अकरा दिवस अलीकडे कां येते, असें मुलें विचारतात. दोन्ही पंचांगें चंद्राचींच; चांद्रवर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. आपण साधारण साडेबत्तीस महिन्यांनीं अधिक मास घालून ऋतूंशीं मेळ राखतों. इस्लामांत असा मास घालण्यास मनाई आहे. म्हणून रमजान सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो, आणि खानदेशांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या वैशाखांतहि कधीं तरी येतोच. हें कळलें म्हणजे शेजाऱ्याच्या उपवासाकडे पाहण्याची दृष्टि बदलते.

दानाचेंहि असेंच. गीतेनें दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार केले आणि देश, काल व पात्र पाहण्यास सांगितलें. जकातींत वर्षभर सांठून राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग द्यावयाचा, आणि तो गरिबाचा हक्क मानावयाचा. ख्रिस्ती शिकवण सांगते कीं दान गुप्त असावें. एकानें दात्याचा विवेक पाहिला, दुसऱ्यानें घेणाऱ्याचा हक्क पाहिला, तिसऱ्यानें देणाऱ्याचा अहंकार पाहिला. तिन्ही एकत्र वाचणाऱ्याचें स्वतःचें दान सुधारल्याशिवाय राहणार नाहीं.

महाराष्ट्रांत ही परंपरा जुनी आहे. एकनाथमहाराजांच्या ‘हिंदु-तुर्क संवादां’त दोघे परस्परांच्या मतांवर कडक आक्षेप घेतात, कांहीं झांकून ठेवीत नाहींत, आणि शेवटीं एकमेकांस आलिंगन देतात. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ सालीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यास गेले. परत आल्यावर १९०६ सालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या उन्नतीसाठीं डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलें. त्यांच्या ग्रंथाभ्यासास असें फळ आलें. जोतीराव फुले यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां’त (१८९१) तर एका कुटुंबाची कल्पना आहे : आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सर्वांनीं एका घरांत प्रेमानें नांदावें. आपणां एकत्र कुटुंबांतील मंडळींस एका चुलीवर दोन भाज्या करणेंहि कधीं कधीं जड जातें. तेव्हां ह्या कल्पनेचें धाडस आपल्या सहज ध्यानांत येईल.

आम्हीं नातवास एवढेंच सांगितलें, “बाळ, तूं खोटें बोलला नाहींस, पण न वाचतां बोललास. आम्हींहि एकदां तेंच केलें.” मग त्या विद्यार्थ्याची गोष्ट त्यास सांगितली. दाराशीं आमचे बंधु उभे होते. तेहि ऐकत होते. ते कांहीं बोलले नाहींत.

पुढें कार्तिकी एकादशीस आम्ही तिघे जळगांवांत रथ पाहण्यास गेलों. अप्पामहाराजांनीं १८७२ सालीं सुरू केलेला हा श्रीरामाचा रथोत्सव. भिलपुऱ्यांत लालशाबाबांच्या दर्ग्यापाशीं रथ आला म्हणजे तेथें फुलांची चादर अर्पण करण्याची रीत आहे. रथ पुढें गेला, दर्गा जागच्या जागीं राहिला. कोणी कोणाचें रूप घेतलें नाहीं. गर्दींत नातवास त्याचा मित्र भेटला. बंधूंनीं आपण होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेविला व म्हणाले, “पौषांत आपल्याकडे बोरें पिकतात. तेव्हां ये हो.”

तेव्हांपासून दर रविवारीं रात्रीं आमच्या घरीं अर्धा घटका एखाद्या धर्मग्रंथाचें वाचन होतें; गीता झाली, सांप्रत धम्मपद चाललें आहे, नंतर ‘कुराण-सार’ घेऊं. नियम एकच : वाचतांना “आमच्यांत तर” असें कोणी म्हणावयाचें नाहीं. तो विद्यार्थी आतां पन्नाशी ओलांडून गेला असेल. हा लेख त्याच्या दृष्टीस पडला, तर त्याच्या जुन्या शिक्षकानें चाळीस वर्षें उशिरां कां होईना, पुस्तक उघडलें आहे, एवढें त्यास कळावें.