वेगाची शाळा

नकाशात जालना जिल्हा काढा आणि त्यात अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव शोधा. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि जालना-अंबडकडून येणारा रस्ता यांची येथे गाठ पडते. फाट्यावर घटकाभर उभे राहिलात तर किती तऱ्हेची वाहने दिसतील! एस. टी. गाड्या, मालमोटारी, मोसंबीने भरलेले टेंपो, आणि हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणारे ट्रॅक्टर. अशातच एखादी ठेंगणी, रुंद, रंगीत मोटार घोंघावत येते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दिसेनाशी होते. मुले ओरडतात, "बाप रे, काय पळते ही!"

ती स्पोर्ट्‌स कार. तिच्या वेगमापकावर ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचे आकडे असतात. मग मनात प्रश्न येतो, की रस्ता रुंद आहे, गाडी दणकट आहे, तर हा वेग येथे का वापरू नये? आणि येथे वापरायचा नसेल तर तो वापरायचा तरी कोठे?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मोटारींचा ट्रॅक. स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांचे गट एखाद्या दिवसापुरता शर्यतीचा ट्रॅक भाड्याने घेतात आणि तेथे आपल्या गाड्या चालवितात. यालाच 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे कोणी पहिला येत नाही आणि बक्षीसही नसते. आपली गाडी आणि आपण स्वतः किती पाण्यात आहोत, हे जाणून घेण्याची ही शाळा आहे. आज आपण या शाळेत एक दिवस जाऊन बसू.

रस्त्यावरून ट्रॅकवर

सुरुवातीच्या मोटार-शर्यती साध्या रस्त्यांवरूनच होत. २४ मे १९०३ रोजी पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत सुरू झाली. रस्ते धुळीचे होते आणि दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी लोटली होती. काही गाड्या ताशी १०० किलोमीटरच्याही वर धावत होत्या. पहिल्याच दिवशी इतके अपघात झाले, की फ्रेंच सरकारने बोर्डो गावीच शर्यत थांबविली. मृतांत मोटार कारखानदार मार्सेल रेनॉ होते आणि केवळ पाहायला आलेली माणसेही होती.

इंग्लंडमध्ये तर रस्त्यावर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, एवढीच वेगमर्यादा होती. तेव्हा ह्यू लॉक किंग या गृहस्थाने वेब्रिजजवळच्या आपल्या जमिनीवर स्वखर्चाने काँक्रीटचा ट्रॅक बांधला. त्याचे नाव ब्रुकलँड्‌स. १७ जून १९०७ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. भोजनानंतर पाहुण्या मोटारमालकांनी आपापल्या गाड्या ट्रॅकवर काढल्या. चाळीसहून अधिक गाड्यांच्या त्या मिरवणुकीत सर्वांत पुढे होत्या लॉक किंग यांच्या पत्नी एथेल. आपली इटाला गाडी त्या स्वतः चालवीत होत्या. जगातला पहिला 'ट्रॅक डे' म्हणावा तो हाच!

दहा-अकरा दिवसांनी याच ट्रॅकवर एस. एफ. एज याने नेपियर गाडी सलग २४ तास चालविली. रात्री कडेने लाल कंदील लावले होते. त्याने सुमारे २५४४ किलोमीटर अंतर कापले, म्हणजे सरासरी वेग ताशी १०६ किलोमीटर पडला. रस्त्यावर ज्या वेगाने माणसे मेली, तोच वेग येथे एक माणूस चोवीस तास टिकवू शकला. असे का, हा फरक ध्यानात ठेवा. आपण शेवटी त्याकडे परत येऊ.

आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० पासून, कोईमतूरजवळ करी स्पीडवे येथे २००३ पासून आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ पासून असे ट्रॅक आहेत. आणि गंमत पाहा, वडीगोद्रीचा महामार्ग धरून उत्तरेला गेलात, तर धुळे आणि सेंधवा मागे टाकून तुम्ही इंदूरला पोहोचता. इंदूरजवळच पीथमपूर येथे 'नॅट्रॅक्स' ही वाहनांची चाचणी संस्था आहे. तेथे ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला.

पहिला धडा : पाय आवरा

समजा, अशा एका गटाचा हा पहिलाच दिवस आहे. सकाळी गाड्या आल्या आल्या कोणी धावू लागत नाही. प्रथम गाडीतील सुटे सामान बाहेर काढतात. पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकच्या पट्ट्याखाली गेली तर काय होईल, याची कल्पना करा! मग शिरस्त्राणे तपासतात आणि झेंड्यांचे अर्थ सांगतात. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, कोणाला ओलांडू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश परत या. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा म्हणजे वेळ संपली.

चाकांतील हवाही मोजतात. सकाळी ती मुद्दाम थोडी कमी ठेवतात. का? वायूचा नियम आठवा. आकारमान कायम असताना वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. टायरमधील हवा ३० अंशांवरून ८० अंश सेल्सिअसवर गेली, म्हणजे ३०३ वरून ३५३ केल्व्हिनवर गेली. यात वातावरणाचा दाबही धरून हिशेब केला, तर सकाळी दाबमापकावर ३२ पौंड दाखविणारा टायर चार फेऱ्यांनंतर सुमारे ४० पौंड दाखवील. फुगलेल्या टायरचा जमिनीशी संपर्क कमी होतो. आणि तो संपर्क मुळातच केवढा? प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढा! दीड हजार किलोग्रॅमची गाडी चार तळहातांवर धावत असते.

दुसरा धडा : वळण

आता गाडी वळणावर आली. सुटलेला दगड सरळ जातो, तशी गाडीही जडत्वामुळे सरळच जाऊ पाहते. तिला वळवायचे तर वर्तुळाच्या मध्याकडे ओढणारे बल हवे. यालाच अभिकेंद्री बल म्हणतात. सपाट रस्त्यावर हे बल देणारे एकच, ते म्हणजे टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. आत बसलेल्याला मात्र आपण बाहेर फेकले जात आहोत असे वाटते. वास्तविक त्याला कोणी फेकत नसते. त्याचे शरीर सरळ जात असते आणि गाडी त्याच्याखालून वळत असते.

वेग दुप्पट झाला, की लागणारे बल चौपट होते. वळणाची त्रिज्या दुप्पट झाली, की ते निम्मे होते. घर्षण गुणांक ०.८ धरला, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी जास्तीत जास्त ताशी ७१ किलोमीटर वेगाने जाऊ शकते. पाऊस पडून गुणांक ०.४ झाला, तर ताशी ५० च्या पुढे ती घसरलीच म्हणून समजा. येथे गाडीची किंमत, इंजिनाची शक्ती किंवा चालकाची ऐट यांपैकी काहीही सूत्रात येत नाही. गाडीचे वजनदेखील दोन्ही बाजूंनी सुटून जाते!

मग कुशल चालक काय करतो? तो त्रिज्या वाढवितो. १२ मीटर रुंद ट्रॅकवर काटकोनातील वळण आहे अशी कल्पना करा. रस्त्याच्या मध्यरेषेची त्रिज्या ५० मीटर आहे. चालक बाहेरच्या कडेने वळणात शिरतो, मध्यावर आतल्या कडेला टेकतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघतो. कागदावर कंपासने काढून पाहा. या मार्गाची त्रिज्या सुमारे ८० मीटर भरते आणि वेगाची मर्यादा ताशी ७१ वरून ९० वर जाते. केवळ भूमितीने मिळविलेला हा फायदा आहे.

पण थांबा. हे पाहून सायकलवर असा प्रयोग करू नका. ही युक्ती पूर्ण रस्ता वापरते, आणि ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात. रस्त्याचा निम्मा भाग समोरून येणाऱ्याचा असतो.

वेग वाढविण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे वळणाची बाहेरची कड उंच करणे. मग रस्त्याचा तिरपा आधारच गाडीला मध्याकडे ढकलतो. ब्रुकलँड्‌सची वळणे अशीच उंच होती. पीथमपूरच्या ट्रॅकची वळणेही अशी कलती केली आहेत, की ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला तेथे बाजूच्या घर्षणाची गरजच पडत नाही.

तिसरा धडा : ब्रेक

नवख्याला वाटते, की जोरात पळणे अवघड आहे. शिक्षक सांगतात, की थांबणे अवघड आहे.

दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने सरळ पट्ट्यावर आली आणि पुढच्या वळणासाठी तिला ८० वर यायचे आहे. सुमारे पाच सेकंदांत तिने जवळजवळ १९ लाख ज्यूल गतिज ऊर्जा टाकून दिली पाहिजे. तेवढ्या उष्णतेने साडेसहा लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. पण ही उष्णता पाण्यात जात नाही. ती ब्रेकच्या चार लोखंडी तबकड्यांत जाते. प्रत्येक तबकडी १० किलोग्रॅमची धरली, तर एका दाबाला तिचे तापमान सुमारे १०० अंशांनी चढते. ती निवण्यापूर्वीच पुढचे वळण येते, आणि मग त्याच्या पुढचे.

येथेच खरा धोका आहे. पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचवितो तो ब्रेकचा द्रव. द्रव दबत नाही, म्हणून जोर पुरता पोहोचतो. पण हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. नेहमीच्या डॉट-४ जातीचा ताजा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असे मानक आहे. पाणी मुरलेल्या द्रवासाठी ती मर्यादा १५५ अंशांवर येते. तबकडीची उष्णता पोहोचून द्रव उकळला, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते. चालक ब्रेक दाबतो, पट्टा थेट तळाला जातो, पण गाडी थांबत नाही! म्हणून ट्रॅक डेच्या आधी द्रव बदलतात, एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच गाडी चालवितात आणि शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश घेतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेकही लावत नाहीत, कारण तापलेली तबकडी आवळून ठेवली तर ती सरळ राहत नाही. त्याऐवजी चाकाला ओटा लावतात.

आणखी एक नियम शिकवितात. ब्रेक सरळ रेषेत मारा आणि मग वळा. टायरची पकड ठरावीक असते, आणि ब्रेक व वळण या दोघांना ती वाटून घ्यावी लागते. ही वाटणी पायथॅगोरसच्या नियमाने होते. पकडीचा ०.६ भाग ब्रेकला दिला, तर वळणासाठी ०.८ भाग उरतो, कारण ०.३६ आणि ०.६४ मिळून १ होतात. सगळी पकड ब्रेकला दिली, तर वळणासाठी शून्य उरते. अशा वेळी चाक कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

संध्याकाळी नवखा चालक घामाघूम होऊन उतरतो. आपली गाडी किती पळते ते त्याला सकाळीच माहीत होते. आपल्याला थांबायला किती जागा लागते, हे त्याला आज प्रथमच कळते.

पुन्हा फाट्यावर

चला, आता वडीगोद्रीला परत जाऊ. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला ताशी ५० वेगाने सुमारे २८ मीटर लागतात, १०० वेगाने ८३ मीटर आणि १५० वेगाने १६६ मीटर.

दुसरा हिशेब ट्रॅक्टरचा करू. ट्रॅक्टर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या मिळून १५ मीटर लांबी आणि ओलांडायचा रस्ता १० मीटर धरा. म्हणजे ट्रॅक्टरला २५ मीटर जायचे आहे. ताशी ५ किलोमीटर वेगाने त्याला १८ सेकंद लागतील. एवढ्या वेळात ताशी १०० वेगाची मोटार ५०० मीटर येते आणि १५० वेगाची ७५० मीटर! ट्रॅक्टरवाल्याने रस्ता पाहिला तेव्हा ती गाडी एक ठिपका होती. समोरून सरळ येणाऱ्या वाहनाचा वेग ओळखणे डोळ्यांना फार कठीण जाते. रात्री तर त्याला केवळ दोन दिवे दिसतात. येथे चूक त्याची नव्हे.

आता ब्रुकलँड्‌सचा फरक तुमच्या ध्यानात आला असेल. एजच्या वाटेवर ट्रॅक्टर नव्हता, शाळेतून घरी निघालेली मुले नव्हती आणि समोरून येणारी गाडीही नव्हती. ट्रॅकवर चालक धोका पत्करतो तो स्वतःपुरता, आणि तोही झेंडेवाले, रुग्णवाहिका व मोकळी जागा सोबतीला ठेवून. महामार्गावर तोच धोका तो ज्यांना विचारलेले नाही अशांच्या माथी मारतो. घर्षणाचा नियम मात्र दोन्हीकडे एकच असतो.

करून पाहा

घर्षण गुणांक घरीही मोजता येतो. एक लाकडी फळी घ्या आणि तिच्यावर रबरी चप्पल ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. चप्पल घसरू लागताच थांबा. त्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. तिला फळीने जमिनीवर व्यापलेल्या आडव्या अंतराने भागा. येणारा आकडा म्हणजे घर्षण गुणांक! मग चपलेत एक दगड ठेवून तोच प्रयोग करा. आकडा बदलतो का? नंतर फळी ओली करा, आणि शेवटी तिच्यावर थोडी माती पसरा. चारही आकडे वहीत लिहून ठेवा.

आणि पहिल्या पावसात, रस्त्यावरची धूळ ओली होऊन चिखल झाला असताना, घरातले कोणी मोटारसायकल काढू लागले, तर ती वही त्यांच्यापुढे उघडून ठेवा.