स्लिपर ऑर्किड: आधी कूळ, मग कुंडी

मराठी माणसाला आमरी, म्हणजे ऑर्किड, नवी नाही. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाच्या खोडावरून लोंबणारी सीतेची वेणी अनेकांनी पाहिलेली असते. स्लिपर ऑर्किड मात्र आपल्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत उगवत नाही. त्याची एक पाकळी सपातेच्या टोकासारखी फुगून थैली होते. फसून आत पडलेल्या माशीला मागच्या अरुंद वाटेनेच बाहेर पडावं लागतं आणि जाताना तिच्या पाठीला पराग चिकटतात. पॅफिओपेडिलम या प्रजातीतली एकच जात दक्षिण भारताच्या रानात आढळते. कर्नल हेबर ड्रुरी यांना ती १८६५ साली अगस्त्यमलैच्या डोंगरात सापडली आणि त्यांचंच नाव तिला मिळालं. हौशी संग्राहकांसाठी ती इतकी उपटली गेली की आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींत मोडते. म्हणूनच हैदराबादच्या घरात स्लिपर ऑर्किड वाढवायचं तर खतापाण्याआधी रोपाचं कूळ विचारावं, असं माझं म्हणणं आहे. रोप कुठून आलं यावर त्याचं घरातलं आयुष्य अवलंबून असतं आणि डोंगराचंही.

पहिला आक्षेप उन्हाचा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या शहरात हे नाजूक झाड टिकेल कसं? खासी टेकड्यांतलं इन्सिग्ने हे स्लिपर ऑर्किड इथे खरोखरच रडतखडत जगतं, कारण त्याला थंडी लागते. पण ठिपकेदार, चट्ट्यापट्ट्यांच्या पानांच्या जाती आणि त्यांचे मॉडियेसारखे संकर उबेत वाढणारे आहेत. पूर्वेची बाल्कनी, दाट शेडनेट, भर दुपारी घरातला सावलीचा कोपरा आणि खेळती हवा एवढ्यावर ते उन्हाळा काढतात. दिवाळीनंतर इथल्या रात्री थंडावतात. तो गारवा त्यांना मानवतो.

खरा घात होतो तो पाण्याने. या ऑर्किडला पाणी साठवणारे कंद नसतात. मुळं मोजकी, तपकिरी, लवदार आणि ठिसूळ. ती कोरडी पडता कामा नयेत आणि चिखलात बुडताही कामा नयेत. म्हणून झाडाच्या सालीचे बारीक तुकडे, कोळसा आणि थोडं परलाइट यांचं मिश्रण वापरावं. साल कुजत जाते, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी ते बदलावं. दख्खनच्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला आणि पानांची टोकं करपली की क्षार साचले असं समजावं. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत चांगलं. आरओ यंत्राने बाहेर टाकलेलं पाणी मात्र कधीच घालू नये, कारण क्षार त्यातच एकवटलेले असतात. पाणी सकाळी द्यावं आणि पानांच्या बेचक्यात राहिलेला थेंब कापसाने टिपून घ्यावा. तो तिथेच राहिला तर गाभा कुजतो.

रानातून आणलेलं रोप काटक असतं, असं काही विक्रेते सांगतात. आता पाहिलेल्या मुळांचाच विचार केला तर हे उलट आहे. उपटताना ती तुटतात, आणि कंद नसल्याने रोपाकडे शिल्लक काहीच उरत नाही. बियांपासून वाढवलेल्या रोपाचा जन्मच कुंडीत गेलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विकत घेणंच थांबवलं तर रान वाचणार नाही का? पण मागणी आजची नाही. १८६९ साली इंग्लंडमध्ये स्लिपर ऑर्किडचा पहिला संकर फुलला तेव्हाही ती होती. ती रानाऐवजी रोपवाटिकेकडे वळवणं आपल्या हाती आहे. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा नसतो. लुईस नडसन यांनी १९२२ साली ते साखर घातलेल्या माध्यमात रुजवून दाखवलं आणि रोपं बाटलीत वाढू लागली. मात्र अशा रोपाला फुलायला काही वर्षं लागतात आणि पूर्ण वाढलेल्या स्लिपर ऑर्किडपासून ऊतिसंवर्धनाने हुबेहूब रोपं करणं अजून कठीण आहे. त्यामुळे चांगलं रोप महाग पडतं आणि फुलावर आलेलं स्वस्त रोप संशयास्पद ठरतं.

कायदाही हेच सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्लिपर ऑर्किड रानातून उपटणं गुन्हा आहे आणि ते परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावं लागतं. तेव्हा या दिवाळीनंतर रोप आणायला जाल तेव्हा फुलाचा रंग नंतर पाहा. आधी परवाना आणि संकराचं नाव विचारा. उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत या.