हातभर लांब

कुरुळीत, पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत आमचं पत्र्याचं ग्राइंडिंग शॉप आहे. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवरून सुटलेला जॉब थोडा चुंबक होऊनच हातात येतो. कूलंट पुसला तरी काळी भुकटी कडेला मिशीसारखी उभी राहते. असा जॉब बेअरिंगशेजारी बसला, तर ती भुकटी तिथेही जाणार. म्हणून पाठवण्याआधी डीमॅग करून चुंबकपणा काढतो.

डीमॅग म्हणजे एक कॉइल, मध्ये जॉब जाईल एवढं तोंड. बटन दाबलं की घरघर सुरू होते आणि धरलेला जॉब बोटांत थरथरतो. कसब आहे ते बाहेर काढण्यात. शॉपमधले मामा नव्या पोराला सांगतात, "सावकाश ओढ. हातभर लांब गेल्याशिवाय बंद करू नको." एकदा मी घाईत जॉब आत असतानाच बंद केलं, तर तो आधीपेक्षा जास्त चुंबक होऊन निघाला. 50 हर्ट्‌झची वीज सेकंदाला 100 वेळा दिशा उलटवते, आणि मी तिला जोरात असतानाच तोडलं होतं. जॉब लांब नेला की प्रत्येक उलटी आधीपेक्षा कमजोर पडते. शेवटी पोलादातले निम्मे भाग एकीकडे, निम्मे दुसरीकडे तोंड करून राहतात आणि हिशेब फिटतो.

हे भाग एकमेकांना धरून का बसतात, ते मला आयसिंगच्या मॉडेलमधून उमगलं. चौकटीच्या कागदावर प्रत्येक घरात एक बाण, वर किंवा खाली. शेजाऱ्यासारखं तोंड केलं की ऊर्जा कमी लागते. उष्णता ही शिस्त मोडते. भौतिकशास्त्रज्ञ लेन्झ यांनी 1920 मध्ये हे मॉडेल मांडलं. त्यांचे शिष्य अर्न्स्ट आयसिंग यांनी ते एका ओळीपुरतं सोडवलं आणि 1925 मध्ये छापलं. ओळीत चुंबक टिकत नाही. एका जागी जोड तुटला की पुढची सगळी ओळ उलटू शकते. पाटासारख्या जाळीत मात्र उलटलेल्या तुकड्याला अख्ख्या कडेची किंमत मोजावी लागते. तिथे ठरावीक तापमानाखाली चुंबक टिकतो, आणि ते तापमान ऑनसागर यांनी 1944 मध्ये नेमकं काढलं. शुद्ध लोखंडात असं तापमान सुमारे 770 अंश सेल्सिअस असतं. तयार जॉब एवढा तापवला तर त्याचं पाणी उतरेल, म्हणून आम्ही कॉइलच वापरतो.

पोलादात कार्बन आणि कणांच्या सीमा असतात, म्हणून प्रत्येक बाणाची अडचण वेगळी. एक उलटला की शेजारी ढळतो, त्याच्यामागे आणखी काही. कॉइल आणि स्पीकर जोडून बार्कहाउझन यांनी 1919 मध्ये या उलटण्याची तडतड ऐकली होती. अशा अडलेल्या बाणांचा मागे रेंगाळणारा वळसा, म्हणजे हिस्टेरिसिस, भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर यांनी शुक्ला आणि सेथना यांच्यासोबत 1997 मध्ये झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या जाळीवर गणिताने सोडवून दाखवला. धर पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले; 2022 मध्ये त्यांना बोल्ट्झमन पदक मिळालं, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. आमच्या रोजच्या कामाचं गणित करणारा माणूस पुढे इतक्या जवळ आला, याचा मला अभिमान वाटतो.

शेवटी मी जॉबच्या कडेला टाचणी टेकवतो. ती चिकटली तर परत कॉइल. टाचणी ट्रेमध्ये पडली की जॉबला तेल लावून कागदात गुंडाळतो.