जीवाणूंच्या वंशेतिहासाची गणिती मांडणी

प्रस्तावना : प्राणी व वनस्पती यांचा उत्क्रांतीक्रम जीवाश्मांच्या आधारे बऱ्याच अंशी जुळविता येतो. जीवाणूंचे जीवाश्म मात्र अत्यंत विरळ असतात आणि गोल वा दंडाकार रूपावरून त्यांचे नाते ठरत नाही. म्हणून सुमारे १५०० अक्षरांच्या १६एस आरआरएनए जनुकाची तुलना केली जाते. १९७७ मध्ये कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी याच रेणूच्या तुलनेतून आर्किया हा स्वतंत्र गट ओळखला.

गणिती पद्धती : एकाच स्थानी पुनःपुन्हा बदल झाल्यास आधीचे बदल झाकले जातात. ज्यूक्स व कँटर यांच्या १९६९ मधील सूत्राने ही तूट भरून काढता येते. त्यानुसार १०० स्थानांपैकी ३ भिन्न असल्यास प्रत्यक्ष बदल सुमारे ३.०६ येतात, ३० भिन्न असल्यास मात्र ते ३८ हून अधिक भरतात. नाते जितके दूरचे, तितकी दुरुस्ती मोठी.

अशा अंतरांवरून वंशवृक्ष रचला जातो. अवघ्या १० जीवाणूंसाठी २०,२७,०२५ मूळरहित द्विशाखी वृक्ष संभवतात. त्यामुळे संगणक अपरिहार्य ठरतो. फेल्सेन्स्टाइन यांनी १९८५ मध्ये सुचविलेल्या बूटस्ट्रॅप पद्धतीत अनुक्रमांतील स्तंभ यादृच्छिकपणे पुनःपुन्हा निवडून वृक्ष रचले जातात. एखादी शाखा त्यांपैकी किती वृक्षांत आढळते, यावरून तिची विश्वासार्हता ठरते.

एक उदाहरण : २००५ मध्ये इस्रोने हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. त्यांची तपासणी हैदराबादची सीसीएमबी व पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र येथे झाली. २००९ मध्ये तीन नव्या जाती जाहीर झाल्या : जॅनीबॅक्टर हॉयलेई, बॅसिलस इस्रोनेन्सिस व बॅसिलस आर्यभट्टाय. अनेक प्रथिनांच्या एकत्रित विश्लेषणानंतर २०२० मध्ये आर्यभट्टाय ही जाती प्रीस्टिया या नव्या प्रजातीत गेली. जीवाणू तोच राहिला. पुरावा वाढताच वृक्षातील त्याचे स्थान बदलले.

निष्कर्ष : शिरूर येथील घोड व दौंड येथील भीमा नदीकाठच्या मातीतून विद्यार्थ्यांनी वेगळा केलेला जीवाणू ओळखतानाही हे भान आवश्यक आहे. माहितीसंचातील सर्वाधिक जुळणारे नाव म्हणजे उपलब्ध नोंदींतील जवळचा नातेवाईक. ते त्या जीवाणूचेच नाव असेल असे नाही. म्हणून प्रकल्प अहवालात साम्याच्या टक्केवारीसोबत तुलनेतील जाती, वापरलेले सूत्र व बूटस्ट्रॅप मूल्ये नोंदविणे इष्ट ठरते. वंशवृक्ष हे अनुमान आहे. त्याची खात्री किती, हे सांगणे गणितामुळे शक्य होते.