रोपवाटिकेतील ब्राह्मी आणि आमची परीक्षा

शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी यांना औषधी नामरूपाने ठाऊक असतात. परंतु केवळ नामरूप जाणणाऱ्यास तिचा योग कळतोच असे नाही, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. विद्यार्थिदशेत या वचनाने आमचा अभिमान सुखावत असे. योग जाणणारे ते आपण, अशी आमची समजूत होती. गेल्या वर्षी चिकित्सालयामागील लहानशा जागेत औषधी बाग करावयास घेतली, तेव्हा ध्यानात आले की आमची स्थिती नेमकी उलटी आहे. योग आम्हांस पाठ आहेत. नामरूपासाठी मात्र आम्ही रोपवाटिकेतील माळ्यावर विसंबून आहोत.

जागा म्हणाल तर १२ फूट लांब आणि १० फूट रुंद. त्यात दोन क्रोटन, वृंदावनातील तुळस आणि औषधांची रिकामी खोकी. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर खोकी हलविली, माती खणून शेणखत मिसळले आणि एका रविवारी पुणे-सोलापूर रस्त्यावरील एका रोपवाटिकेत गेलो. यादीत नऊ नावे होती : अडुळसा, शतावरी, कोरफड, निर्गुंडी, पुनर्नवा, वेखंड, गुळवेल, ब्राह्मी आणि अशोक.

“डॉक्टरसाहेब, अशोक किती देऊ? कुंपणालाच लावायचेत ना?” माळ्याने विचारले आणि सरळसोट वाढलेली, लांब व नागमोडी कडांच्या पानांची रोपे पुढे केली. तो खोटा अशोक, म्हणजे पॉलिअल्थिया लाँजिफोलिया. सीताफळाच्या कुळातील वृक्ष. अशोकारिष्टात पडावयाचा तो सराका असोका. त्याचे पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व खाली लोंबणारी, फुले नारिंगी होऊन पुढे लाल होणारी. आम्ही ‘सीताअशोक’ असे म्हणताच माळ्याने कोपऱ्यातून एक रोप शोधून आणले. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या समाधानात आम्ही निर्धास्त झालो. ब्राह्मी आणि गुळवेल पिशवीवरील चिठ्ठी वाचूनच घेतल्या.

पावसाळ्यात बागेचे रूप पालटले. नळाजवळच्या ओलीत ब्राह्मी जोमाने पसरली. परीक्षेच्या धसक्याने झोप उडालेल्या एका विद्यार्थ्यास आम्ही तिचा ताजा स्वरस पंधरा दिवस दिला. भाद्रपदात रत्नागिरीकडील एक वृद्ध रुग्णा मागच्या ओट्यावर बसली होती. वाफ्याकडे पाहून ती सहज म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही कारिवणा लावलात होय? आमच्याकडे विहिरीपाशी असाच माजतो.”

आम्ही खाली वाकून पाहिले. लांब देठावर वृक्काकार पान, जमिनीवर धावणाऱ्या खोडाला प्रत्येक पेऱ्यावर मुळे. ही मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात ब्राह्मी म्हणून दिलेली बॅकोपा मोनिएरी निराळी. तिची पाने लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर, फुले पांढरट-जांभळी. हे सारे आम्ही द्रव्यगुणाच्या परीक्षेत लिहिले होते; तीन महिने रोज समोर दिसत असताना मात्र ओळखले नव्हते.

मंडूकपर्णीही मेध्यच. चरकोक्त चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही नावे येतात. त्या विद्यार्थ्यास अपाय झाला नाही, त्याला बरेही वाटले. परंतु त्याच्या केसपेपरवर आम्ही लिहिलेले द्रव्याचे नाव खोटे होते. त्याच्या वडिलांना बोलावून आम्ही चूक सांगितली व नोंद दुरुस्त केली. या प्रसंगात द्रव्याची चूक सौम्य निघाली, यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

त्याच संध्याकाळी इतर रोपे तपासली. गुळवेलीपाशी मन अडखळले. तिचे खोड करड्या रंगाचे व गाठीगाठींचे होते आणि कापताच दुधट स्राव आला. गुडूची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, सुरक्षित आहे. परंतु टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या तिच्या सदृश वनस्पती अपायकारक ठरू शकतात, असे आयुष मंत्रालयाने २०२२ साली स्पष्ट केले होते. यकृतास इजा झाल्याची वृत्ते तेव्हा गाजत होती. क्रिस्पाची म्हणून मंत्रालयाने दिलेली लक्षणे आमच्या वेलीत दिसत होती. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना फांदी दाखविली; त्यांनी आमचा संशय खरा ठरविला. वेल मुळासकट काढली. तिचा तुकडा तोपर्यंत कोणाही ज्वररुग्णाच्या काढ्यात पडला नव्हता, तो केवळ वेल कोवळी होती म्हणून.

माळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या गिऱ्हाइकाला हिरवेगार रोप हवे असते, ते तो देतो. औषध म्हणून ते रुग्णाच्या पोटात घालणारे आपण आहोत. म्हणून आता आम्ही काही नियम पाळतो. यादीत प्रत्येक मराठी नावासमोर शास्त्रीय नाव व ओळखीची दोन लक्षणे लिहून नेतो. शक्य तेथे रोप फुलावर असताना घेतो, कारण पानापेक्षा फूल कमी फसविते. कलम किंवा बी ज्या मातृवनस्पतीचे, ती पाहावयास मागतो. रोपवाटिकेत कीटकनाशके फवारलेली असतात, म्हणून नवीन रोपाचे पान एक संपूर्ण हंगाम औषधासाठी तोडत नाही. शंका राहिली तर फुलाफळासह फांदी वाळवून तज्ज्ञांकडे पाठवितो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. ओळख पटल्यावरच संस्कृत, मराठी व शास्त्रीय नावाची पाटी लागते.

औषधनिर्मात्या बांधवांनाही एक विनंती. सीताअशोकाच्या सालीत खोट्या अशोकाची साल मिसळली जाते, हे आपणांस ठाऊक आहे. पोत्यातील सालीवरून झाड ओळखणे कठीण. परंतु कारखान्याच्या आवारात खात्रीचा एक वृक्ष असला, तर आलेला माल ताडून पाहावयास नमुना कायम हाताशी राहतो. सीताअशोक नैसर्गिक अधिवासात विरळ होत चालला आहे, म्हणून तो साल काढण्यासाठी नव्हे, तर ओळखीसाठी व वाढीसाठी लावावा.

आमच्या बागेत आता नळाच्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली खरी ब्राह्मी आहे आणि तिच्या शेजारीच मंडूकपर्णी ठेवली आहे. आंतरवासीय विद्यार्थी आले की दोन्हींची पाने हातात देऊन आम्ही प्रथम नाव विचारतो, गुण नंतर. आपल्या शाखांच्या पावसाळ्यातील मासिक सभेत प्रत्येक सभासदाने आपल्या अंगणातील एक रोप आणावे व इतरांनी ते ओळखावे, असे आम्ही सुचवितो. शेजारच्या एखाद्या आजीबाईंनाही अवश्य बोलवावे.