बाळंतिणीचे पथ्य : शब्द आणि आहार

भिवंडी शहरालगतच्या शेलारच्या परिसरात मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे यंत्रमागांच्या आसऱ्याने शेजारी शेजारी राहतात. अशा ठिकाणी बाळंतपणाची परिभाषा अभ्यासकाचे लक्ष वेधून घेते. मराठी ‘बाळंतीण’, तेलुगू ‘बालिंत’ व कन्नड ‘बाणंती’ ही रूपे परस्परांस इतकी जवळची आहेत की, त्यांचा सुटा विचार करणे कठीण. उर्दूभाषक घरातील ‘जच्चा’ हा शब्द मात्र फारसीतून आलेला. नावे भिन्न असली तरी पदार्थांत साम्य आहे. मराठी घरात डिंकाचे व अळिवाचे लाडू, मेथी, खसखस, बाळंतशोपा. उत्तरेकडील घरात ओवा, सुंठ, गूळ, तूप घालून केलेली अछवानी. ‘शुण्ठी’पासून आलेली सुंठ तर या सर्वच घरांत आढळते.

या परिभाषेत ‘पथ्य’ हा शब्द विशेष विचारार्ह होय. ‘पथिन्’ म्हणजे वाट. वाटेस धरून असलेले, म्हणून हितकर, ते पथ्य. जे वर्ज्य ते अपथ्य. व्यवहारातील मराठीत मात्र अर्थ पालटला आहे. ‘पथ्य काय?’ असे विचारताच काय खावयाचे नाही याचीच यादी मिळते. विधायक शब्द निषेधवाचक झाला.

निषेधाची वाक्यरचनाही पाहण्यासारखी आहे. ‘तिला भात बाधतो’, ‘तिला पालेभाजी चालत नाही’. येथे कर्तृपद अन्नाकडे आणि बाळंतीण चतुर्थीत. मनाई करणारी व्यक्ती वाक्यात कोठेच नाही. त्यामुळे प्रतिप्रश्न कोणास करावा, हेही तिला उमगत नाही. डाळ, फळे, भाजी, क्वचित पाणीसुद्धा याच रचनेने तिच्या ताटातून दूर होते.

याचा परिणाम केवळ भाषिक नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिल्या सहा महिन्यांत दररोज सुमारे ६०० अधिक ऊष्मांक व सुमारे १७ ग्रॅम अधिक प्रथिने लागतात. प्रसूतीतील रक्तस्रावाने लोहाचा साठा घटलेला असतो. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयग्रस्त असल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. ज्या काळात गरज वाढते, त्याच काळात ताट आखडते, ही विसंगती गंभीर आहे.

म्हणून परंपरा सर्वस्वी टाकाऊ ठरवावी, असे नाही. अळिवात लोह आहे. लाडवातील तूप, गूळ, खोबरे ऊष्मांक पुरवितात. तथापि लाडू हे जेवणाची पुरवणी होत, पर्याय नव्हेत. भाकरी वा भात, डाळ, दूध, चालत असल्यास अंडी व मासे, पालेभाज्या व फळे यांची जोड हवी. भाज्यांतील चोथ्याने व पुरेशा पाण्याने बद्धकोष्ठ टळते. जेवणात लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण सुधारते. जेवणालगतचा चहा ते घटवितो. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घ्याव्यात, असे शासकीय धोरण आहे. अळिवाने त्यांची जागा भरून निघत नाही. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावा.

आरोग्यसेविका ‘पौष्टिक आहार घ्या’ म्हणते, घर ‘पथ्य पाळ’ म्हणते. दोन्ही वाक्ये एकाच बाईच्या कानी पडतात आणि बहुधा दुसरेच प्रमाण ठरते, कारण तो शब्द घरचा आहे. तेव्हा नवी संज्ञा घडविण्यापेक्षा ‘पथ्य’ या शब्दालाच त्याचा मूळ अर्थ परत देणे अधिक उपयुक्त ठरेल. डाळ पथ्य, भाजी पथ्य, पाणी पथ्य, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने म्हटले, तर निषेधाची वाक्ये आपोआप मागे पडतील. शब्दार्थाचा अभ्यास अशा ठिकाणी माजघरापर्यंत पोहोचतो, हे आपल्या शाखेच्या अभ्यासकांनी ध्यानी घ्यावे.