तापीकाठच्या गाडवाटा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नंदुरबारच्या परिसरात तीन घटना घडल्या. पहिली ९ सप्टेंबर १९४२ ची, दुसरी २ मार्च १९४३ ची, तिसरी १४ एप्रिल १९४४ ची. एक भर बाजारपेठेत, एक सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यात, एक धुळ्याहून नंदुरबारकडे येणाऱ्या वाटेवर. तिन्ही घटना वाटेवरच्या आहेत आणि तिन्ही वेळेला माणसं कुठून तरी कुठे तरी निघालेली होती. त्यामुळे त्या समजून घ्यायच्या तर वाटेनंच जावं लागतं, आणि माझ्या अनुभवात त्यासाठी जाड टायरच्या सायकलीइतकं चांगलं साधन नाही. मोटार हायवे सोडत नाही. पायी चाललं तर तापी ओलांडेपर्यंतच दिवस मावळतो. सायकल बैलगाडीच्या चाकोरीतून जाते, बांधापाशी थांबते आणि संध्याकाळपर्यंत पन्नास-साठ किलोमीटरचा मुलूख डोळ्यांखालून घालते.

दिवाळी झाली की इथं यावं. पावसाळ्यात इथली काळी माती टायरला अशी चिकटते की चाक आणि फोर्क यांच्यातली फट बुजून सायकल जागच्या जागी थिजते. उन्हाळा तर अंगावर घेण्यासारखा नसतोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र सकाळी गारवा असतो, माती घट्ट बसलेली असते आणि शिवारात माणसांची वर्दळ असते. नंदुरबार शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या पडतात. एकरच्या एकर जमीन लाल होऊन जाते, वाऱ्याची दिशा फिरली की डोळ्यांतून पाणी येतं, आणि तोंडाला ओढणी बांधलेल्या बाया वाकून मिरची निवडत असतात. पथारीच्या कडेची वाट कितीही मोकळी दिसली तरी विचारल्याशिवाय चाक घालू नये. तो कुणाचा तरी वर्षाचा माल असतो.

सायकलीबद्दल थोडं. डोंगरात चालणारी सायकल ही कल्पना अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आकाराला आली. तिथल्या मरीन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुटायचे. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी त्या उतारावर पहिली शर्यत लावली आणि पुढच्याच वर्षी जो ब्रीझनं खास या कामासाठीची सायकल घडवली. आज पुण्या-नाशकात मिळणाऱ्या एमटीबीचं मूळ तिथं आहे. तापीच्या खोऱ्यात मात्र तिचे सगळे गुण लागत नाहीत. नंदुरबार समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, तिथून नदीपर्यंत उतार इतका मंद की तो पायांनाच कळतो, डोळ्यांना नाही. पुढचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, सव्वादोन इंचांचे टायर आणि कमी हवा एवढं पुरतं. तीस पीएसआयच्या आसपास हवा ठेवली तर चाकोरीतल्या खड्ड्यांचा मार मनगटापर्यंत येत नाही. खरा शत्रू म्हणजे काटा. बाभळीचा काटा दिसतो तरी, पण गोखरू गवतात दडलेलं असतं आणि एका दमात दोन्ही चाकं बसवतं. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट असेल तर निम्मी चिंता मिटते. तरी एक ट्यूब, पंप आणि ठिगळाचं सामान पिशवीत असू द्यावं. बांधावर सायकल उलटी करून बसलं की कुणी ना कुणी येतंच. ‘पंचर व्हयनी का भाऊ?’ म्हणून विचारतं, आणि पाणी पुढे होतं. अहिराणीतली ती चौकशी ऐकण्यासाठी तरी एखादं पंक्चर व्हावं.

आता १९४२. पहिला मुक्काम शहरातच. नंदुरबार तेव्हा पश्चिम खान्देश जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. सुरतेहून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर इथं पोचली होती, व्यापारी पेठ भरभराटीला आलेली होती आणि घराघरात गुजराती आणि मराठी सारखीच चालत होती. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं होतं. मलायाच्या जंगलांतून खाली उतरणाऱ्या जपानी सैनिकांत हजारो सायकलस्वार होते. टायर फाटले तर ते नुसत्या लोखंडी रिमवर सायकल रेटायचे, आणि रात्री त्या खडखडाटाला रणगाडे समजून समोरचे घाबरायचे, असं सांगतात. ब्रह्मदेशही गेला. जपान हिंदुस्थानच्या उंबऱ्यावर आला होता, आणि अशा वेळी ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून नेते तुरुंगात गेले. सरकार बिथरलेलं होतं ते या दुहेरी भीतीनं, हे ध्यानात ठेवलं तर शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर गोळी का चालली याचा थोडा उलगडा होतो. समर्थन मात्र होत नाही.

बरोबर एका महिन्यानं, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या पेठेतून तिरंगा घेऊन मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी अडवलं, लाठी चालवली, मग बंदुका रोखल्या. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता त्या मुलांत होता. २८ डिसेंबर १९२६ चा जन्म, म्हणजे वयाची सोळा वर्षंही पुरी झालेली नव्हती. मुलींच्या दिशेनं रोखलेली बंदूक पाहून तो झेंडा घेऊन पुढे झाला, अशी आठवण गावात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्या दिवशी पाच जण गेले: शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. एकट्या शिरीषकुमारचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच की स्मारकापाशी उभं राहिलात तर पाचही नावं मोठ्यानं वाचा. जुन्या पेठेतल्या गल्ल्या अरुंद आहेत. सायकल हातात धरून चाललं की मिरवणूक किती दाटीनं पुढे सरकली असेल, आणि मागे वळायला जागा किती कमी असेल, हे खांद्यांना कळतं.

शहरातून ईशान्येला प्रकाशाकडे निघालं की तीसेक किलोमीटर रपेट होते. मोठा रस्ता सोडून शेतांतल्या गाडवाटा धरल्या तर थोडं जास्त. कापूस, तूर, दादर ज्वारी, मग नदी जवळ येईल तशी पपई, केळी आणि ऊस. चाकोरीतून सायकल चालवायची एक रीत आहे: डाव्या किंवा उजव्या खोबणीत उतरायचं नाही, मधल्या गवताच्या पट्ट्यावरही चढायचं नाही. खोबणीच्या आतल्या काठावर चाकांनी दाबून घट्ट झालेली वीतभर पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवायची. नजर चाकावर नाही, दहा-पंधरा पावलं पुढे. संध्याकाळी उसाच्या ट्रॅक्टरांपासून जपावं, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर अंधारात अचानक समोर उभा राहतो.

प्रकाशाला तापीला गोमाई येऊन मिळते. दक्षिण काशी म्हणतात या गावाला, आणि केदारेश्वराच्या घाटावर सकाळी बसलं की ते पटतं. पण माझं मन इथं दुसऱ्याच कारणानं रमतं. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनी इथं उत्खनन केलं, आणि नदीकाठच्या त्या टेकाडात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थरांवर थर निघाले. सायकल भिंतीला टेकवून भाकरी-ठेचा खाताना पायाखाली तीन हजारांहून जास्त वर्षांची वस्ती आहे, हे विसरता येत नाही.

इथून तळोद्याकडे. समोर सातपुड्याची निळी रांग सतत दिसत राहते, जवळ येते आणि तरीही जमीन सपाटच राहते. तळोद्याच्या उत्तरेला वाट हळूहळू चढू लागते, मोह आणि पळस दिसू लागतात, नाल्यांत गोल दगड येतात. एमटीबीचे गिअर इथं पहिल्यांदा कामाला लागतात.

रावलापाणीची गोष्ट सांगायची तर मोरवडपासून सुरुवात करावी लागते. तळोदा तालुक्यातल्या या गावी संत गुलामहाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासींमध्ये मोठी चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. जिथं सावकार, पाटील आणि साहेब भिल्ल माणसाला एकेरीत हाक मारत, तिथं त्यानं आपल्या भावाला ‘आपकी जय’ म्हणून नमस्कार करायचा. या एका शब्दात केवढी उलथापालथ होती, याचा विचार करावा. सोमवारच्या आरतीला माणसांचे लोंढे येत. १९३८ मध्ये गुलामहाराज गेले आणि धुरा त्यांचे बंधू रामदासमहाराज यांच्याकडे आली. दारूचा खप घटत होता, माणसं एकत्र येत होती, आणि युद्धाच्या दिवसांत इंग्रज सरकारला एकत्र येणाऱ्या कुठल्याही जमावाची धास्ती वाटत होती. बंदी आली. २ मार्च १९४३ ला रावलापाणीच्या नाल्यात जमलेल्या या अनुयायांवर गोळीबार झाला आणि १५ आदिवासी मारले गेले.

नाला आजही आहे. दोन्ही बाजूंना खडक वर चढतात, मध्ये वाळू आणि गोटे. गोळ्यांच्या खुणा म्हणून खडकांवरचे खळगे दाखवतात. मी गेलो तेव्हा गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझं बोट धरून एका खळग्यात ठेवलं. बोलले काहीच नाहीत. खळगा उन्हानं तापलेला होता. दरवर्षी २ मार्चला इथं माणसं जमतात आणि आरती होते. नाल्यात सायकल चालवू नये. वर, वाटेवर ठेवावी आणि अनवाणी नाही तरी पायी उतरावं. शिरीषकुमारचं नाव पाठ्यपुस्तकात आलं, या १५ जणांची नावं महाराष्ट्राच्या कानी पडली नाहीत, ही गोष्ट मला फार लागते. ती माणसं झेंडा घेऊन निघाली नव्हती, एवढ्यानं त्यांचं बलिदान हलकं होत नाही.

तिसरी जागा जिल्ह्याच्या हद्दीबाहेर आहे, तरी तिचा संबंध नंदुरबारशी आहे. दोंडाईचा मागे टाकून धुळ्याच्या दिशेनं गेलं की शिंदखेडा तालुक्यातलं चिमठाणे येतं. सातारा जिल्ह्यात १९४३ पासून नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, आणि चळवळीला पैशाची निकड होती. धुळ्याहून नंदुरबारला सरकारी खजिना मोटारीनं जाणार, ही बातमी खान्देशातल्या डॉ. उत्तमराव पाटील यांच्या माणसांनी काढली. साताऱ्याकडून जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथीदार आले. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ त्यांनी खजिन्याची मोटार अडवली आणि साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम ताब्यात घेतली. त्या काळात ही रक्कम किती प्रचंड होती, हे सांगायला नको. त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळा आणि कापूस भरलेलं जहाज फुटलं. मुंबई पेटली होती, आणि इकडे कापसाच्या या मुलखात काही तरुण पैशाच्या थैल्या खांद्यावर टाकून शेतांतून दिसेनासे होत होते.

चिमठाण्याला जाताना मी मुद्दाम मुख्य रस्त्याला समांतर शिवरस्ता धरतो. मोकळं माळरान, तुरळक निंब, लांबवर दिसणारी माणसं. लपायला जागा नाही. भर उन्हाळ्यात, दिवसाढवळ्या, एवढा पैसा पाठीवर घेऊन या उघड्या रानातून निसटायचं म्हणजे काय, हे तिथं दहा किलोमीटर पेडल मारल्यावर छातीला कळलं. गावोगावी भाकरी देणारी, रात्री अंगण देणारी आणि पोलिसांपुढे तोंड न उघडणारी घरं होती, म्हणूनच हे जमलं.

परतीच्या सकाळी नंदुरबारजवळच्या रस्त्यावर शाळेला निघालेल्या मुली भेटल्या. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली, पुढच्या बास्केटात दप्तर, दोन घट्ट वेण्या. सात-आठ जणी रस्ताभर आडव्या पसरून चालवत होत्या. माझ्या टायरांकडे बघून एकीनं विचारलं, ‘दादा, ही डोंगरावर चढते का?’ मी म्हटलं, चढते. ‘मग आमच्या धडगावला या,’ ती म्हणाली, आणि पेडलवर उभी राहून पुढे निघून गेली.